वरची फळी

मात्सुमोतोहून खोकं आलं ते तोकुजीनेच उघडलं. आत डोकावून त्याने बायकोला हाक मारली. "किनुए, अगं हे तुटलेलं पाठवलंय."

"तुटलेलं नाही ते. जोडायचं असतं."

"कोणी?"

"मी."

"म्हणजे काम गिऱ्हाइकाने करायचं आणि वर पैसेही गिऱ्हाइकानेच द्यायचे. आपल्याला हे कधी सुचलं नाही बघ. लोकांच्या हातात लाकडाचा ठोकळा आणि चिकाची बाटली द्यायची, म्हणायचं, घ्या, घरी जाऊन वाडगा करा."

खोक्यात बास गिटारचं कोरं धड होतं, दुधाळ रंगाचं, अजून भुश्याचा वास येणारं. पडदे बसवलेली लांब दांडी वेगळी. शिवाय चार खुंट्या, तारा अडकवायची लोखंडी घोडी, तारांचा आवाज उचलणारे दोन पिकअप, वायरींचं भेंडोळं, पिशवीभर स्क्रू आणि चार पानांचं माहितीपत्रक. किनुएने एकेक वस्तू जुन्या वर्तमानपत्रावर मांडली आणि कागद वाचायला घेतला. तोकुजी थोडा वेळ उभा राहिला, मग "भोपळ्याला शेपूट" एवढं म्हणून निघून गेला.

किनुए चौसष्ट वर्षांची होती, आणि हे म्हातारपणी लागलेलं खूळ नव्हतं, निदान तिच्या मते नव्हतं. शाळेत तिने दोन वर्षं बास वाजवली होती, तीही उसनी. तेव्हा गायला मैत्रीण फुसाको असायची. फुसाको आता गावात सोब्याच्या शेवयांची खानावळ चालवते आणि अजून गाते, जेवणाऱ्यांना नको असलं तरी. जूनमध्ये लाखकामाची जत्रा भरेल तेव्हा दोघींनी आणि ड्रम वाजवणाऱ्या पोस्टातल्या बाईंनी मिळून चार गाणी करायची, हे फुसाकोनेच परस्पर ठरवून टाकलं होतं. तयार बास कुठेही मिळाली असती. पण किनुएला तयार नको होती.

त्याचं कारण असं. किसोच्या खोऱ्यात त्यांच्या गावच्या लांबट रस्त्यावर दर दुसऱ्या घरात लाखकाम चालतं. तेराशिमांच्या घरात किनुए तेविसाव्या वर्षी सून म्हणून आली, सासऱ्यांनी तिच्या हातात घासायचा कोळसा दिला, आणि तेव्हापासून ती घासतेच आहे. लाकडाला झाडाचा पातळ चीक पाजायचा, माती कालवलेल्या चिकाचा थर द्यायचा, वाळला की घासायचा, त्यावर काळ्या लाखेचा हात, पुन्हा घासायचा. आठ-दहा थरांचं हे सगळं काम तिचं. सगळ्यात वरचा, शेवटचा हात मात्र तोकुजीचा. तो रुंद कुंचल्याने एकदाच द्यायचा, आणि मग त्याला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही. लोक वाडगा उचलतात, चकाकी बघतात, उलटा करतात, तर तळाशी लाल अक्षरात तोकुजीची खूण. यात कोणी कोणावर अन्याय करत होतं असं नाही, रिवाजच तसा. पण एक्केचाळीस वर्षांत एकही वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या एकटीच्या हातची झाली नाही, हे तिला अलीकडे सलायला लागलं होतं. ही बास तशी व्हायला हवी होती. तिच्यात दुसऱ्या कोणाचं बोट नको.

बोटांचं म्हणाल तर किनुएच्या बोटांवरच्या रेषा घासून घासून कधीच पुसल्या गेल्या होत्या. फोन तिच्या अंगठ्याला ओळखत नसे. फुसाको म्हणायची, "तू खुशाल दरोडे घाल. पोलिसांना काही सापडायचं नाही."

ऑक्टोबरात तिने सुरुवात केली. माहितीपत्रकात ठळक छापलं होतं, की दांडी जिथे धडात बसते त्या खोबणीला रंग लागू देऊ नये. तिने खोबणीत चिकटपट्टी लावली. मग धडाला चीक पाजला, मातीचे थर दिले, आणि चिकाच्या घट्ट लेपात कापडाचं बोंड बुडवून सगळ्या अंगावर उंचसखल ठिपके उठवले. ते वाळले की त्यावर रंगीत लाख, एकावर एक, पिवळी, हिरवी, लाल, पुन्हा पिवळी. घरची कामं उरकून रोज तासभर. मेपर्यंत असे सतरा थर झाले. शेवटी खळगे भरून काढायला काळ्याचा एक जाड थर. आता वरून बघणाऱ्याला ते नुसतं काळं सपाट धड दिसलं असतं. आतली मजा कोळशाने घासल्यावर बाहेर येणार होती. उंच ठिपके आधी उघडतात, मग त्यांच्याभोवती रंगांची कडी, आणि कडी कशी पडणार हे घासेपर्यंत करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. खोऱ्यातली जुनीच पद्धत, पण तेराशिमांच्या घरात ती कोणी केली नाही. तोकुजी तिला "तापात पडलेलं स्वप्न" म्हणायचा. त्याच्या लेखी लाख म्हणजे काळी, आणि काळ्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे.

ती रोज काय करते आहे हे त्याने बघितलं नाही. दुसऱ्याच्या अर्ध्या कामाकडे बघायचं नाही हा त्या घरातला शिरस्ता, आणि तोकुजी शिरस्त्याचा पक्का होता.

शिवाय त्याचं स्वतःचं दुखणं त्याला पुरेसं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा पेला उचलताना थोडा, कुंचला धरताना जास्त. शेवटच्या हातात थरथर उमटली की ती लाख वाळेपर्यंत आणि त्यानंतर शंभर वर्षं दिसत राहते. त्याने एक दिवस कुंचला कागदात गुंडाळून खणात ठेवला, आलेली कामं चुलतभावाकडे वळवली, आणि स्वतः चीक गाळणं, फोन घेणं असली कामं करत राहिला. त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. फक्त पूर्वीपेक्षा विनोद जास्त करायला लागला, त्यावरून किनुए काय ते समजली.

लाख वाळते ती ओलाव्यात. उन्हात ठेवली तर चिकट ती चिकटच राहते. म्हणून मागच्या कोठीच्या माडीवर लाकडाचं मोठं कपाट होतं, तळाशी ओली फडकी घातलेलं, आणि घरात त्याला न्हाणी म्हणत. न्हाणीची खालची फळी किनुएची. तिथे असेल ते चालू काम. वरच्या फळीवर असेल त्याचा अर्थ, माझं झालं, आता तुमचा हात. हे कोणी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. वाडगे वरच्या फळीवर गेले की दुसऱ्या दिवशी तोकुजी कुंचला धुवायला घ्यायचा, एवढंच.

काळ्याचा तो जाड थर दिल्यावर किनुएने धड वरच्या फळीवर ठेवलं. खाली फडक्यांची ओल जास्त लागते, आणि जाड थर तिथे भराभर वाळला की सुरकुत्या पडतात. वर तो सावकाश वाळला असता. दोन वर्षं वरची फळी रिकामीच होती, त्यामुळे तिच्या मनात दुसरं काही आलंच नाही. मग ती इना गावाला बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, सहा दिवस राहावं लागलं.

परतली तेव्हा तोकुजी दारात उभा होता, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. त्याने चहासुद्धा केला होता. चहा कडू जहर झाला होता, तरी त्याने केला होता ही गोष्टच एवढी मोठी की किनुएला वाटलं, घरात कोणी गेलं की काय.

"पिशवी राहू दे तिथेच," तो म्हणाला. "आधी माडीवर चल."

त्याने न्हाणीचं दार सरकवलं. वरच्या फळीवर बासचं धड होतं, काळं, आणि त्या काळ्यात खिडकीचे गज सरळ उभे होते. किनुए जवळ गेली तेव्हा तिचं तोंड त्यात आलं, कपाळावरच्या आठीसकट. एक रेघ नाही, एक कण नाही, कडेला कुठे ओघळ नाही. एवढा चांगला हात तिने तोकुजीचा तरुणपणीही पाहिला नव्हता.

"तू गेलीस त्याच दुपारी फडकी भिजवायला आलो," तोकुजी जमिनीकडे बघत म्हणाला. "बघतो तर वरच्या फळीवर. मला वाटत होतं, तुला आता माझ्या हाताचा भरवसा उरला नसेल. म्हटलं, हिला आहे. तोंडाने बोलत नाही, पण वर ठेवून गेली."

किनुएने न्हाणीचं दार अजून थोडं सरकवलं.

"तीन दिवस जुन्या फळकुटावर सराव केला. उजवं मनगट डाव्या हाताने धरायचं आणि श्वास सोडता सोडता कुंचला ओढायचा. चौथ्या दिवशी केला. कपड्यांची धूळ नको म्हणून सगळे कपडे काढून ठेवले होते. नेमकी फुसाको आली."

"फुसाकोने तुम्हाला तसं पाहिलं?"

"पाहिलं. म्हणाली, जत्रेत असेच या." तो हसला. "आणि हो, ती दांडीची खोबण. तिथे तू पट्टी लावून विसरलीस. आत कोरं लाकूड तसंच. तू असं कधी करत नाहीस, बहिणीच्या काळजीत राहिलं असेल. मी तिथे चीक पाजला, मातीचा थर दिला, वर काळा हात. आता कुठे उघडं लाकूड म्हणून नाही."

"छान झालंय," किनुए म्हणाली.

ते खरं होतं, हीच तर पंचाईत होती. वाईट झालं असतं तर तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती फुसाकोकडे गेली. खानावळ उघडायला अवकाश होता, फुसाको कांद्याची पात चिरत बसली होती. किनुएने सगळं सांगितलं.

"मग सांग त्याला," फुसाको म्हणाली.

"काय सांगू? दोन वर्षांनी कुंचला धरलाय माणसाने. आज सकाळी तो कुंचला पुन्हा खिळ्याला टांगलाय. शीळ घालतोय घरभर."

"मग काळीच वाजव. लांबून कोणाला काय कळतंय?"

"मला कळतंय."

"सतरा थर आहेत खाली हे तुझं तुला माहीत आहे ना? मग झालं तर."

"एक्केचाळीस वर्षं माझे थर खालीच आहेत, फुसाको."

फुसाकोने सुरी खाली ठेवली. मग तिने गरम सोब्याचा वाडगा किनुएपुढे सरकवला. किनुएने खाली बघत खाल्लं. तिला तोकुजीचा राग आला होता, आणि त्याने काही वाईट केलं नव्हतं म्हणून आपल्या रागाचाही राग आला होता. असा राग कोणावर काढायचा हे तिला समजत नव्हतं.

दहा दिवस लाख मुरू दिली, पण तोकुजीला सांगणं त्या दहा दिवसांत तिला जमलं नाही. जत्रेला तीन आठवडे उरले, तेव्हा माडीवरच्या खिडकीपाशी बैठं मेज ओढून किनुए जोडकामाला बसली. तोकुजी समोर येऊन बसला, मुळ्याच्या लोणच्याची ताटली मांडीवर घेऊन. आपलं काम मार्गी लागताना बघायला कोणाला आवडत नाही?

दांडी खोबणीत जाईना.

तिने एका बाजूने लावून पाहिली, दुसऱ्या बाजूने लावून पाहिली. टोक आत शिरायचं आणि तिथेच घोडं अडायचं.

"दांडी जाड पाठवलीय," तोकुजी लोणचं चावत म्हणाला. "थोडी तासून टाक."

"दांडी बरोबर आहे. खोबण अरुंद झालीय. कागदावर लिहिलं होतं, इथे रंग लावू नका म्हणून. हे कोऱ्या लाकडावर कोरं लाकूडच घट्ट बसतं. केसभर फरक पडला तरी दांडी वाकडी जाते, मग तारा पडद्यांवरून घसरतात."

"लाकूड उघडं ठेवा म्हणे. लिहिणाऱ्याला लाखेतलं काय कळतं?"

"त्याला बासमधलं कळतं."

तोकुजीने लोणच्याची ताटली बाजूला ठेवली. "मग आता?"

"खरवडते."

तिने पातळ पात्याचा चाकू घेतला आणि खोबणीच्या आतून त्याचा काळा हात, खालची माती, सगळं पापुद्र्यांनी काढायला लागली. आतून उघडं लाकूड दिसू लागलं. कडेपर्यंत आली आणि चाकू घसरला. घसरला, असंच ती नंतर फुसाकोला सांगत आली. एक्केचाळीस वर्षांत तिचा चाकू कधी घसरला नव्हता, आणि त्या दिवशी तो मुद्दाम घसरला की आपोआप, हे तिला स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं. काठाचा भाताच्या शिताएवढा टवका उडाला.

तोकुजी आधी "अगं" म्हणाला, मग पुढे झुकला, मग चष्मा लावला. त्याने धड उचलून खिडकीत उजेडाला धरलं. टवका उडालेल्या जागी काळ्याखाली पिवळी रेघ होती, तिच्याखाली लाल, तिच्याखाली हिरवी, पुन्हा पिवळी. पन्नास वर्षं हेच काम केलेल्या कारागिराला याहून जास्त सांगावं लागत नाही. त्याचे ओठ हलत होते, तो मोजत होता.

"सतरा," तो म्हणाला.

"हो."

"हे तू घासणार होतीस."

"हो."

"मग वर का ठेवलंस?"

"खाली सुरकुत्या पडल्या असत्या. थर जाड होता."

त्याने धड अलगद मेजावर ठेवलं. "म्हणजे माझ्यासाठी नव्हतं ठेवलं."

"नव्हतं."

इथे तिला काहीतरी गोड बोलता आलं असतं. ती बोलली नाही. बोलून उपयोगही नव्हता, तोकुजीला तिच्या बोलण्यातला खोटा सूर लगेच कळायचा.

"आणि मी इथे उघडा होऊन नाचत होतो," तो म्हणाला. हसायला गेला, पण ते जमलं नाही.

मग किनुएच बोलली, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबली नाही. "मला एक तरी वस्तू माझी हवी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुमच्यावर राग म्हणून नाही. नुसती हवी होती. तुमचा हात वाईट झाला असता तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं. इतका चांगला झाला म्हणून सांगवेना."

"आयुष्यातला सगळ्यात चांगला हात आहे तो माझा."

"दिसतंय मला."

"आणि पुन्हा तसा होणार नाही." तोकुजीने आपला उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. बोटं हलत होती. "चार ताटल्या करून बघितल्या तू फुसाकोकडे गेलीस तेव्हा. मनगट धरलं, श्वास सोडला, सगळं केलं. चारही गेल्या. हा एकच साधला."

बाहेर शेजारच्या अंगणात कोणीतरी जत्रेसाठी फळ्या ठोकत होतं.

"राहू दे म्हणावंसं वाटतंय," तोकुजी म्हणाला. "फार वाटतंय. पण मी म्हटलं तर तू राहू देशील, म्हणून म्हणत नाही."

तो उठून खाली गेला. किनुएला वाटलं, आता हा जेवणापर्यंत तोंड दाखवायचा नाही. पण तो परत आला, एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्यात कोळशाचे तुकडे. बादली डचमळून जिनाभर पाणी सांडलं होतं. त्याने ते सगळं तिच्या उजव्या बाजूला ठेवलं, जिथे ती रोज ठेवते तिथेच.

"घास. मी बसलो तर चालेल?"

"बसा."

तिने कोळसा भिजवला, पण टेकवायला हात धजेना. त्या काळ्यात तिचीच बोटं तिला सामोरी येत होती. आजवर हजारो वस्तू तिने घासल्या होत्या, पण तोकुजीच्या शेवटच्या हातावर कोळसा ठेवायची वेळ त्या घरात कोणावरच आली नव्हती.

"माझ्याकडे बघत घासू नकोस," तोकुजी म्हणाला. "मधे मधे थांबलीस तर चरे पडतील."

मग तिने सुरुवात केली. पहिल्या फेऱ्यातच चकाकी गेली, आरसा राखाडी झाला, आणि काळा गाळ तिच्या बोटांवरून मेजावर ओघळला. तोकुजी फडक्याने तो टिपत राहिला. पाणी काळं झालं की तो बादली घेऊन खाली जायचा आणि स्वच्छ पाणी आणायचा. तीनदा गेला. चौथ्यांदा आला तेव्हा धडाच्या शिंगासारख्या वरच्या टोकापाशी पहिला पिवळा ठिपका उघडला होता. मग त्याच्या आत लाल, त्याच्या आत हिरवा, आणि शेजारी दुसरा ठिपका, तिसरा. असं होईल असं तिला वाटलं होतं, पण ते असं दिसेल हे तिला ठाऊक नव्हतं.

"हा पिवळा कुठला?" तोकुजीने विचारलं.

"आपल्याच फडताळातला. गिऱ्हाइकं घेत नाहीत म्हणून दहा वर्षं पडून होता."

"तापातलं स्वप्नच आहे." तो चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिला. "पण बरं पडलंय."

दर्शनी बाजू व्हायला दुपार झाली. एकही जागा जास्त उघडली नव्हती, एकही कमी राहिली नव्हती. ती बाजू किनुएची होती, लाकडापासून वरपर्यंत. तिला इतका आनंद झाला की तिने तो लपवलाही नाही. ओल्या हातांनीच तोंड पुसलं, आणि गालभर काळा गाळ लागला.

मग तिने धड उलटं केलं. मागच्या बाजूला तोकुजीचा काळा तसाच होता, खिडकीच्या गजांसकट. दोघांनी पाहिला. ही बाजू तशीच ठेवावी असं किनुएच्या मनात येऊन गेलं. वाजवताना ती पोटाला लागून असणार, कोणाला दिसणार नाही, आणि नवऱ्याचं मन राहील. पण ती मेहेरबानी झाली असती, आणि तोकुजीला मेहेरबानी कधी पचली नव्हती. शिवाय त्याच्याखालीही तिचे सतरा थर होते.

तिने कोळशाचा नवा तुकडा निवडला, भिजवला आणि त्याच्यापुढे धरला.

"घ्या."

"मी? मी कुठे घासलंय कधी?"

"नाहीच घासलंत. म्हणून घ्या."

"हात थरथरतो माझा."

"घासताना चालतं. उलट बरंच आहे, कोळसा एका जागी टेकून राहत नाही."

तोकुजीने कोळसा घेतला. पहिल्या फेऱ्यात त्याने नवशिक्यासारखा जोर लावला. "जोर नको," किनुए म्हणाली. "हात नुसता टेकवून ठेवा, कोळशाला त्याच्या वाटेने जाऊ द्या." त्याने हात हलका केला. त्याचा काळा त्याच्याच हाताखाली राखाडी झाला, मग गाळ होऊन वाहिला. त्याच्या तोंडाकडे बघवेना म्हणून ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. हात थरथरत होता आणि काम होत होतं. बासमध्ये दुसऱ्या कोणाचं बोट नको असं तिने ठरवलं होतं, आणि आता ते बोट तिनेच तिथे ठेवलं होतं. तिला थोडं वाईट वाटलं. ते वाटू दिलं तिने.

एका ठिपक्यावर पिवळा डोकावला. मग त्याच्या आत लाल, बारीक, तांदळाच्या कणीएवढा. तोकुजीने तो पाहिला आणि सगळ्या नवशिक्यांचं होतं तेच त्याचं झालं. त्याला तो अजून मोठा हवा झाला. त्याचा हात तिथेच फिरायला लागला, भराभर.

"थांबा," किनुए म्हणाली.

काम कुठे थांबवायचं हे त्या घरात आजवर तोकुजीने ठरवलं होतं. त्याने कोळसा उचलला, पाण्यात धरला, आणि ती पुढची जागा कुठली दाखवते याची वाट बघत बसला.